घरचा हिशेब : बाबांची गाडी आणि दुसरं इंजिन

२०२२ च्या डिसेंबरात नाशिकचं लग्न आटोपून आम्ही इंदूरला परतत होतो. शिरपूर मागे पडलं आणि बिजासन घाटाचा चढ लागला. पुढे ट्रकची रांग, गाडीत पाच माणसं आणि आहेराच्या पिशव्या. गाडी बाबांची वॅगन आर, तेव्हा साडेचौदा वर्षांची.

अर्ध्या घाटात माझं लक्ष तापमानाच्या काट्याकडे गेलं. काटा वर सरकत होता. मी म्हटलं, "बाबा, थांबू या का?" बाबा म्हणाले, "डिसेंबरात गाडी कुठली तापतेय? घाट संपला की थांबू."

घाट संपायच्या आत गाडीच थांबली. आधी पिकअप गेला, मग खडखड आवाज आला, आणि बॉनेट उघडल्यावर वाफेचा लोट. एका भल्या ट्रकवाल्यानं टोचन करून सेंधव्यापर्यंत आणलं. दुसऱ्या दिवशी पिकअपवर चढवून गाडी इंदूरला आली. निदान एका वाक्याचं होतं : "इंजिन सीज हो गया, बाबूजी."

पुढचे पाच महिने आमच्या घरात या एका इंजिनावर जेवढी चर्चा झाली, तेवढी माझ्या लग्नाच्या वेळीही झाली नव्हती. त्यात आम्ही पैसे घालवले आणि बरंच शिकलो. जुनी गाडी बऱ्याच घरांत आहे आणि "इंजिन बदलून टाका" हा सल्ला कधी ना कधी कानावर येतोच. म्हणून यावेळी हा हिशेब.

गाडी विकून का टाकली नाही?

हा प्रश्न पुण्याहून दादानं पहिल्याच फोनवर विचारला. प्रश्न बरोबर होता. ओळखीच्या दलालानं चालू स्थितीतल्या गाडीचे नव्वद हजार सांगितले होते. बंद पडलेल्या गाडीचे त्याच्या निम्मेही नाहीत.

पण बाबांनी ही गाडी २००८ च्या जूनमध्ये, निवृत्तीच्या पैशातून घेतली होती. अठ्ठावन्नाव्या वर्षी ते चालवायला शिकले. आणि भावनेपलीकडचं एक कारण होतं. आईच्या दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं झाली आहेत. बुटक्या गाडीत बसायला तिला वाकता येत नाही, रिक्षाची पायरी चढवत नाही. या गाडीची सीट बरोबर तिच्या कमरेच्या उंचीला येते. दार उघडायचं, टेकायचं, पाय आत घ्यायचे. दवाखाना, भाजी, बुधवारचं खजराना गणपतीचं दर्शन, सगळं या एका गाडीवर चालतं.

अशीच नवी उंच गाडी पाच-सहा लाखांच्या पुढे. बाबांना त्र्याहत्तराव्या वर्षी कर्ज नको होतं आणि आमच्याकडून पैसेही नको होते. म्हणजे जुनी गाडी चालू करणं हा हट्ट नव्हता. पण तो निर्णय कसा घ्यायचा, हे आम्हाला ठाऊक नव्हतं.

तीन रस्ते

इंजिन गेलं की समोर तीन रस्ते असतात.

पहिला, आहे तेच इंजिन उघडून दुरुस्त करणं. गॅरेजच्या भाषेत ओव्हरहॉल, किंवा नुसतं "इंजिनचं काम काढणं". हेड उतरवतात. ते वाकलं असेल तर मशीनवर घासून सपाट करतात. सिलिंडरला चरे पडले असतील तर बोअर वाढवून मोठ्या मापाचे पिस्टन आणि नव्या रिंगा टाकतात. बेअरिंग, ऑईल सील, सगळी गॅस्केट नवी. याला वेळ लागतो, कारण गॅरेजवाला सगळं स्वतः करत नाही. बोअरिंग आणि हेडचं काम लेथवाल्याकडे जातं.

दुसरा, दुसऱ्या गाडीतून निघालेलं जुनं इंजिन बसवणं. अपघातात गेलेल्या किंवा भंगारात काढलेल्या गाड्यांची इंजिनं बाजारात मिळतात. काम तीन-चार दिवसांत होतं. पण ते इंजिन किती चाललंय, कसं चाललंय आणि कुणाचं होतं, हे बहुतेक वेळा कुणीच सांगत नाही.

तिसरा, कंपनीकडून नवं इंजिन किंवा नवा ब्लॉक मागवणं. सर्वांत निर्धोक आणि सर्वांत महाग. जुन्या मॉडेलचं मिळेलच असंही नाही.

आम्हाला सांगितलेले आकडे असे : ओव्हरहॉल सत्तेचाळीस हजार आणि तीन आठवडे. दुसरं इंजिन बसवून अडतीस हजार आणि चार दिवस. नवं इंजिन लाखाच्या वर. तुमच्या गावात, तुमच्या गाडीला हे आकडे वेगळे असतील. आकड्यांची उतरंड मात्र साधारण अशीच असते.

आम्ही अडतीस हजारांचा रस्ता धरला. नऊ हजार वाचले आणि आईला तीन आठवडे घरात बसावं लागलं नाही, असं वाटलं.

इंजिनचं नाव तेच, इंजिन मात्र वेगळं

सुरुवातीला गॅरेजवाल्यानं आणखी एक सुचवलं होतं. "याच गाडीचं नवीन मॉडेलचं इंजिन टाकू, ॲव्हरेज जास्त देईल." ऐकायला गोड. सुदैवानं दादानं हे हाणून पाडलं.

२०१० पूर्वीच्या वॅगन आरमध्ये १०६१ सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन होतं, एफ१०डी नावाचं. २०१० मध्ये गाडी बदलली आणि तिच्यात ९९८ सीसीचं तीन सिलिंडरचं के१०बी आलं. गाडीचं नाव तेच, पण इंजिन पूर्ण वेगळं. वायरिंग वेगळं, इंजिन चालवणारा संगणक, म्हणजे ईसीएम, वेगळा, गाडीत बसवायचे टेकू वेगळे. आणि आरसीवर छापलेले सीसीही वेगळे.

उलटा प्रकारही आहे. फियाटचं १२४८ सीसीचं डिझेल इंजिन स्विफ्टमध्ये होतं, टाटाच्या इंडिका व्हिस्टात होतं आणि फियाटच्या पुंटोतही होतं. पुण्याजवळ रांजणगावला ते बनायचं. मूळ एकच, पण प्रत्येक कंपनीनं त्याला आपापले जोडभाग आणि आपापला ईसीएम लावलेला. म्हणून "सेम इंजिन आहे, बसून जाईल" हे वाक्य दोन्ही बाजूंनी फसवं ठरू शकतं. इंजिन ओळखायचं ते गाडीच्या नावावरून नाही, तर ब्लॉकवर कोरलेल्या नंबरावरून. तो नंबर आरसीवर असतो. गॅरेजमध्ये जाण्याआधी आरसीचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा.

आपल्याकडे इंजिन बदलणं नवं नाही. ॲम्बेसेडरलाच नव्वदच्या दशकात कंपनीनं जुन्या १४८९ सीसीऐवजी इसुझूचं १८१७ सीसीचं इंजिन दिलं. मग जुन्या ॲम्बेसेडरवाल्यांनाही ते आपल्या गाडीत हवंसं वाटू लागलं. तेव्हा गाडीत संगणक नव्हता. चांगला मिस्त्री कशातही काहीही बसवायचा. ती आठवण अजून गॅरेजांत आहे, पण आजच्या गाड्या तशा राहिलेल्या नाहीत.

जुनं इंजिन का गेलं?

आता आमची सर्वांत मोठी चूक सांगते. जुनं इंजिन का तापलं, हे आम्ही विचारलंच नाही.

इंजिन उगाच सीज होत नाही. पाणी गळलं असेल, रेडिएटर आतून चोंदला असेल, थर्मोस्टॅट अडकला असेल, पंखा वेळेवर सुरू होत नसेल, वॉटर पंप गेला असेल किंवा ऑईल कमी पडलं असेल. यातलं एक कारण असणारच. ते तसंच ठेवून नवं इंजिन बसवलं, तर तेही त्याच वाटेनं जाणार.

आमच्या गाडीत तेच झालं. जानेवारी २०२३ मध्ये गाडी चार दिवसांत घरी आली. आवाज गोड, पिकअप बरा. बाबा खूश. थंडीत सगळं ठीक चाललं. एप्रिलचं ऊन चढलं आणि पलासियाच्या सिग्नलला उभ्या उभ्या काटा पुन्हा वर गेला. यावेळी बाबांनी ताबडतोब गाडी बाजूला घेऊन बंद केली. घाटातला धडा त्यांच्या लक्षात होता.

त्या गॅरेजवाल्याला फोन केला. तो म्हणाला, "इंजिन तो बढ़िया है, रेडिएटर आपका पुराना है. उसकी बात नहीं हुई थी." खरंच झाली नव्हती. बोलणं फक्त इंजिनाचं झालं होतं. आमच्याकडे कागद कुठलाच नव्हता. बिल मागितलं तेव्हा तो म्हणाला होता, "पक्कं बिल हवं तर १८ टक्के जीएसटी लागेल." आम्ही ते पैसे वाचवले होते.

आरसीवरचा नंबर

शेजाऱ्यांनी दुसऱ्या एका वयस्कर मिस्त्रीकडे पाठवलं. सगळे त्यांना उस्ताद म्हणतात. त्यांनी गाडीला हात लावायच्या आधी आरसी मागितली. टॉर्च घेऊन ब्लॉकवरचा नंबर वाचला, आरसीवरचा वाचला आणि बाबांना विचारलं, "बाबूजी, नंबर चढ़वाया?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं, मी बाबांकडे. कुणी काही सांगितलं नव्हतं आणि आम्हीही विचारलं नव्हतं.

कायदा असा आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे आरसीवर जे तपशील आहेत, ते बदलतील असा बदल मालकानं परस्पर करायचा नाही. इंजिन नंबर हा त्यातला मुख्य तपशील. इंजिन बदललं तर चौदा दिवसांच्या आत आरटीओला कळवून आरसीत नोंद करून घ्यावी लागते. खरं तर आधी परवानगी घेऊन मगच काम करणं शहाणपणाचं. कायद्यात न बसणारा बदल केला, तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२अ खाली प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही सांगितलं की उत्पादकानं दिलेल्या मूळ तपशिलांशी विसंगत बदल मालकाला करता येत नाही.

नोंदीसाठी इंजिनाच्या खरेदीचं बिल लागतं, आणि ते इंजिन ज्या गाडीतून निघालं तिचे कागद. गाडी तारण असेल तर बँकेची संमती. मग निरीक्षक गाडी पाहतो. बारीकसारीक पद्धत राज्याराज्यांत वेगळी असते, म्हणून आपल्या आरटीओत आधी विचारावं.

आमच्याकडे बिल नव्हतं आणि त्या दुसऱ्या गाडीचे कागदही नव्हते. उस्ताद हळू आवाजात म्हणाले, "चोरीची गाडी कापून निघालेलं असलं तर? मी म्हणत नाही आहे, पण नाही आहे हे तुम्ही कसं दाखवणार?" मेरठच्या सोतीगंज बाजाराचं उदाहरण त्यांनी दिलं. चोरीच्या गाड्या कापून त्यांचे भाग विकले जातात म्हणून तो बाजार अनेक वर्षं बदनाम होता. २०२१ च्या डिसेंबरात पोलिसांच्या कारवाईनंतर तिथली दुकानं बंद पडली. चोरीचा माल माहीत असून किंवा तसं मानायला कारण असताना घेणं हा गुन्हा आहे. बिनबिलाचा, बिनकागदाचा स्वस्त माल घेताना आपण काय उत्तर देणार?

त्यात बाबांच्या लक्षात आलं की आरसीची मुदत जूनमध्ये संपते. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. पुढे दर पाच वर्षांनी नूतनीकरण. त्यासाठी गाडी आरटीओत न्यावी लागते आणि तिथे इंजिन व चासी नंबर पडताळतात. शिवाय विम्याच्या कागदावरही जुनाच इंजिन नंबर. मधल्या चार महिन्यांत काही अपघात झाला असता, तर विमा कंपनीला हरकत घ्यायला आम्हीच कारण दिलं असतं.

त्या रात्री बाबा जेवले नाहीत. चाळीस वर्षं सरकारी नोकरीत फाइलीतला स्वल्पविरामही न चुकवलेला माणूस. "मी बेकायदा गाडी चालवत होतो," एवढंच दोनदा म्हणाले.

अंगणातलं जुनं इंजिन

आमच्या बाजूनं एकच गोष्ट झाली होती, आणि तीही बाबांच्या हट्टामुळे. जानेवारीत गॅरेजवाला जुनं इंजिन भंगारात घालून चार हजार वजा करून द्यायला तयार होता. बाबांनी नकार दिला. "माझं आहे, घरी आणून टाका." आम्ही सगळे वैतागलो होतो. आईनं तर "आता याची पूजा करा" असंही म्हटलं होतं. ते इंजिन चार महिने तुळशीशेजारी ताडपत्रीखाली पडून होतं.

उस्तादांनी ते उघडलं. हेड वाकलेलं, दोन सिलिंडरना चरे. पण ब्लॉकला तडा नव्हता आणि क्रँक वाचला होता. म्हणाले, "हे होईल. आणि नंबरही तुमचाच."

हा मुद्दा मला तेव्हा नीट कळला. इंजिन नंबर ब्लॉकवर असतो. ब्लॉक तोच ठेवून पिस्टन, रिंगा, बेअरिंग, अगदी हेड बदललं तरी नंबर तोच राहतो. आरसीला धक्का लागत नाही. ओव्हरहॉलचे जे नऊ हजार आम्हाला जास्त वाटले होते, त्यात हे सगळं निश्चिंतपण आलं असतं.

बसवलेल्या इंजिनाची त्यांनी कॉम्प्रेशन टेस्टही करून दाखवली. चारही सिलिंडरचे आकडे एकमेकांच्या जवळ यायला हवेत. एकाचा आकडा बराच खाली होता. ही तपासणी अर्ध्या तासाची आहे. इंजिन घेण्याआधी ती मागितली असती तर तेव्हाच कळलं असतं.

पहिल्या गॅरेजवाल्याशी बरीच बोलणी झाली. शेवटी त्यानं इंजिन परत घेतलं आणि पंधरा हजार दिले. बिल असतं तर ग्राहक आयोगात जाता आलं असतं. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही आणि वकील सक्तीचा नाही. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर सल्ला मिळतो. पण हातात काहीतरी कागद हवा.

उस्तादांचं काम बावन्न हजारांत झालं. त्यात नवा रेडिएटर, थर्मोस्टॅट, वॉटर पंप, टायमिंग बेल्ट, सगळे होज पाइप आणि क्लच प्लेट आली. इंजिन आणि गिअरबॉक्स बाहेर असताना क्लच, बेल्ट, इंजिनाचे रबरी टेकू आणि सील बदलायला जवळजवळ फक्त वस्तूचीच किंमत पडते. नंतर त्याच कामासाठी पुन्हा सगळं उतरवावं लागतं. म्हणून "इंजिन बाहेर आहे तोवर आणखी काय करून घ्यायचं?" हा प्रश्न आवर्जून विचारा.

एकूण हिशेब : गेलेले तेवीस हजार अधिक बावन्न हजार, म्हणजे पंचाहत्तर हजार. वर पिकअपचं भाडं आणि चार महिन्यांची धाकधूक.

तुमच्या गाडीचं काय?

प्रत्येक जुन्या गाडीत पैसे घालावेत असं मी म्हणणार नाही. आधी तीन गोष्टी पाहा.

गाडीचं वय मोजतात ते पहिल्या नोंदणीपासून. नवं इंजिन घातलं म्हणून गाडी कागदावर तरुण होत नाही. दिल्ली आणि एनसीआरमध्ये राहणाऱ्यांनी हे विशेष लक्षात ठेवावं. तिथे दहा वर्षांवरचं डिझेल आणि पंधरा वर्षांवरचं पेट्रोल वाहन रस्त्यावर आणू नये असा आदेश सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये कायम ठेवला. नंतर त्यात फेरबदल होत आले आहेत. तेव्हा खर्च करण्याआधी त्या दिवशीचा नियम पाहा.

दुसरं, सांगाडा. दाराखालचा पत्रा, चासी, सस्पेन्शनचे जोड गंजले असतील तर इंजिनावरचा खर्च फुकट आहे. इंजिन बदलता येतं, गंजलेली चासी नाही.

तिसरं, पुढची वर्षं. खर्चाला उरलेल्या वर्षांनी भागा. आमचे पंचाहत्तर हजार पाच वर्षांत वाटले तर वर्षाला पंधरा हजार. पहिल्यापासून नीट वागलो असतो तर आणखी कमी. तुमची गाडी दोनच वर्षं चालणार असेल तर गणित उलटं होतं. मग नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्रात गाडी दिलेली बरी. तिथे सर्टिफिकेट ऑफ डिपॉझिट मिळतं. ज्या राज्यांनी सवलत लागू केली आहे, तिथे त्यावर नव्या खासगी गाडीच्या रोड टॅक्समध्ये २५ टक्क्यांपर्यंत सूट मिळू शकते.

जुनी गाडी इलेक्ट्रिक करायचा विचार असेल, तर किट पुण्याच्या एआरएआयसारख्या तपासणी संस्थेनं मान्य केलेलंच हवं, आणि त्याचीही आरसीत नोंद लागते.

गॅरेजमध्ये जाताना

हे फोनमध्ये ठेवून द्या.

१. आधी विचारा : जुनं इंजिन का गेलं? कारण लेखी घ्या आणि त्याची दुरुस्ती अंदाजपत्रकात आहे ना ते पाहा.

२. अंदाजपत्रक कागदावर किंवा किमान व्हॉट्सॲपवर घ्या. वस्तू वेगळ्या, मजुरी वेगळी, लेथचं काम वेगळं. उघडल्यावर खर्च वाढला, तर आधी फोन करून विचारायचं, असंही त्यात लिहून घ्या.

३. दुसरं इंजिन घेत असाल तर पैसे देण्याआधी त्याचा नंबर, खरेदीचं बिल आणि मूळ गाडीचे कागद हवेतच. नंबर घासलेला किंवा पुन्हा ठोकलेला वाटला तर उठून या.

४. कॉम्प्रेशन टेस्ट तुमच्यासमोर करायला सांगा.

५. पैसे टप्प्याटप्प्यानं द्या. शेवटचा हप्ता गाडी भर उन्हात, एसी लावून तासभर चालवून पाहिल्यावर.

६. वॉरंटी किती महिन्यांची, किती किलोमीटरची आणि कशाकशावर, हे बिलावर लिहून घ्या.

७. जुनं इंजिन परत मागा. निदान नव्याचा भरवसा बसेपर्यंत तरी ते भंगारात देऊ नका.

८. ब्लॉक बदलला असेल तर आरटीओ आणि विमा कंपनी, दोन्हीकडे नंबर बदलून घ्या. चौदा दिवस भरकन जातात.

९. काम झाल्यावर पहिले हजार किलोमीटर गाडी पळवू नका आणि पहिलं ऑईल लवकर बदला.

आणि काटा वर जाताना दिसला तर घाट संपायची वाट पाहू नका. तिथेच थांबा. तापलेल्या रेडिएटरचं झाकण लगेच उघडू नका, उकळतं पाणी अंगावर येतं.

जूनमधली एक सकाळ

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात बाबा गाडी घेऊन आरटीओत गेले. मला बरोबर येऊ दिलं नाही. आईनं डबा दिला, जणू परीक्षेलाच निघाले आहेत. दुपारी फोन आला. निरीक्षकानं वाकून नंबर वाचला, आरसीवरच्या नंबराशी ताडला आणि मान हलवली, हे बाबांनी मला तीनदा सांगितलं.

नोंदणी आता २०२८ पर्यंत आहे. तोवर बाबा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होतील. "मग आपण दोघं एकदमच रिटायर होऊ," असं ते गाडीबद्दल म्हणतात.

दर बुधवारी सकाळी आई दार उघडते, सीटवर टेकते, पाय आत घेते. बाबा आधी बॉनेट उघडून पाणी पाहतात, मग किल्ली फिरवतात. पूर्वी ते असं करत नसत.